फाइल सापडली नाही, तर तसं सांगा

पाऊस लागला की माझ्या इनबॉक्समध्ये दोन प्रश्न हमखास येतात. एक, "सावित्रीला पाणी किती?" आणि दुसरा, जरा चाचरत, "दादा, तुम्हाला तर दिसत नाही, मग पातळी तुम्ही आमच्या आधी कशी सांगता?" पहिल्याचं उत्तर त्या त्या वेळी देतो. दुसऱ्याचं आज देतो. त्यात माझी एक चूक आहे आणि ती लपवून ठेवणं बरोबर नाही. पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण पावसाळ्याच्या आत वाचा.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात ओळख. मी मूळचा पोलादपूर तालुक्यातला, राहायला महाडात, आईसोबत. बाजारपेठेतल्या दोन-तीन दुकानांचे हिशेब लिहितो. जन्मापासून दिसत नाही. संगणक कानाने वापरतो. पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. मी वापरतो तो एनव्हीडीए. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करनने तो लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह त्याच्यासोबत आला. दोघेही दृष्टिहीन. तो फुकट आहे आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. म्हणजे आपल्याला हवं तसं त्यात भर घालता येते, पायथन नावाच्या भाषेत छोट्या स्क्रिप्ट लिहून. मी तेच केलं.

का केलं, ते सांगतो.

पावसाळ्यात नद्यांच्या पातळीचा तक्ता फिरतो, तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. सहा नद्या: सावित्री, कुंडलिका, अंबा, पाताळगंगा, उल्हास, गाढी. प्रत्येकीची इशारा पातळी, धोका पातळी आणि आत्ताची पातळी. तुम्ही एक नजर टाकता, सावित्रीची ओळ शोधता, झालं. माझ्याकडे तो तक्ता बहुतेक वेळा फोटो म्हणून येतो. फोटो माझ्यासाठी नुसता "इमेज" हा एक शब्द असतो. तो मजकूर म्हणून आला तरी स्क्रीन रीडर सगळे आकडे एका दमात वाचतो. तेवीस, तेवीस पॉइंट पंच्याण्णव, आठ, नऊ... सावित्री येईपर्यंत कुठला आकडा इशाऱ्याचा आणि कुठला आत्ताचा, हे डोक्यातून गेलेलं असतं. दिवसा ठीक. रात्री दोन वाजता, पत्र्यावर पाऊस कोसळत असताना, कानाला एवढं जमत नाही.

म्हणून भाच्याला कामाला लावलं. फोटो आला की तो एक ओळ टाइप करून आमच्या ग्रुपवर टाकतो: "सावित्री ५.८०". मी ती ओळ कॉपी करतो, एक बटण दाबतो आणि माझी स्क्रिप्ट बोलते: "सावित्री, पाच पॉइंट आठ, इशारा पातळीच्या खाली." बस. एवढंच तिचं काम.

सुरुवातीला सावित्रीचे दोन आकडे, इशारा ६.०० मीटर आणि धोका ६.५० मीटर, मी स्क्रिप्टच्या आतच लिहून टाकले होते. चाललं. मग गांधारपाल्याच्या बाजूच्या एकाने विचारलं, नागोठण्याला त्याची बहीण दिली आहे, अंबा नदीचं पण सांगेल का? मग कोणी पनवेलचं विचारलं. दर वेळी कोड उघडा, ओळ घाला, एखादी जागा चुकली तर सगळंच बंद. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडली याला अर्थ असतो, आणि ती मोकळी जागा मला ऐकून मोजावी लागते. एनव्हीडीए ती सुरांनी सांगतो, जेवढं आत तेवढा वरचा सूर. हिशेबाच्या कामातून उठून रात्री असलं गाणं ऐकत बसायचं. कंटाळा आला.

तेव्हा मी जाणत्या लोकांचा जुना मार्ग धरला. कोड एकीकडे, माहिती दुसरीकडे. माहितीची एक साधी फाइल करायची आणि स्क्रिप्टने ती वाचायची. अशा फाइलला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. नाव भारदस्त आहे, आत काय असतं ते पाहा:

[सावित्री]
इशारा = ६.००
धोका = ६.५०

[अंबा]
इशारा = ८.००
धोका = ९.००

वाण्याच्या दुकानात भिंतीवर भावफलक असतो ना, तसं. भाव बदलला तर फलक पुसून नवा लिहायचा, तराजू बदलायचा नाही. कोणाला नवी नदी घालायची असेल तर त्याला पायथन यायची गरज नाही. नोटपॅड उघडा, तीन ओळी लिहा.

मी हे सगळं आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तू वही केलीस." बरोबर. वही केली.

आता ही वही कानाने सांभाळताना काय काय होतं, तेही ऐका, कारण पुढच्या गोष्टीचं मूळ त्यातच आहे.

पहिली गंमत ऱ्हस्व-दीर्घाची. मी एकदा घाईत "सावीत्री" लिहिलं. ऐकायला जवळपास तसंच. माझ्या यंत्राच्या आवाजात तर फरक कळतच नाही. पण स्क्रिप्टला ते दुसरंच नाव. ती "सावित्री" शोधत बसली, फाइलीत "सावीत्री" बसलेली. एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी एकेक अक्षर सुटं करून ऐकलं, तेव्हा सापडलं. शाळेत शुद्धलेखनाचे मार्क कापणाऱ्या बाईंची त्या दिवशी फार आठवण आली.

दुसरी गंमत, म्हणजे मनस्ताप. जुन्या नोटपॅडमध्ये फाइल साठवताना योग्य पर्याय निवडला नाही, तर मराठी अक्षरं टिकतच नाहीत. त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं बसतात. फाइल पुन्हा उघडली आणि यंत्र म्हणालं, "चौकोनी कंस, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह..." सहाही नद्या वाहून गेल्या! यूटीएफ-८ हा पर्याय निवडायचा, हे तेव्हा कायमचं डोक्यात बसलं.

तिसरी तर अजबच. यूटीएफ-८ मध्येच साठवली, तरी स्क्रिप्ट अडली. म्हणे फाइलीत विभागाचं शीर्षकच नाही. मी ऐकतोय, पहिल्याच ओळीत चौकोनी कंसात सावित्री आहे! दुकानातल्या मुलाला बोलावलं, त्यालाही पडद्यावर ती दिसत होती. शेवटी कळलं की जुनं नोटपॅड फाइलीच्या अगदी सुरुवातीला एक अदृश्य खूण टाकतं. ती ऐकू येत नाही आणि डोळसांनाही दिसत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी आणि डोळस एका पातळीवर आलो. ती खूण गाळून वाचायची सोय पायथनमध्ये आहे, एका शब्दाचा बदल. केला.

या अडचणी सांगून तुम्हाला पिडतोय, कारण या तिन्ही चुकांमध्ये एक चांगली गोष्ट होती. त्या कळल्या. कुठे काम अडलं, कुठे एनव्हीडीएच्या लॉगमध्ये तक्रार उमटली, कुठे प्रश्नचिन्हं कानावर आदळली. ओरडणारी चूक बरी असते. माझी खरी चूक न ओरडणारी होती.

झालं असं. चाचणी चालू असताना फाइलीत एखादा रकाना रिकामा राहिला की स्क्रिप्ट बंद पडायची. रात्री-बेरात्री ती कटकट नको म्हणून मी एक पळवाट काढली. आकडा सापडला नाही तर शंभर धर, अशी ओळ घातली. सापडलं नाही तर काय धरायचं, या आकड्याला डिफॉल्ट म्हणतात. शंभर मीटर का? काही कारण नाही. मोठा आकडा, कुठे अडणार नाही. तात्पुरतं म्हणून घातलं आणि विसरलो. आपल्याकडे तात्पुरतं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ती फाइल होती पेनड्राइव्हवर. तो मी खिशात घेऊन फिरतो, दुकानातही तोच, घरीही तोच. फाइल कुठे आहे याचा पत्ता स्क्रिप्टमध्ये लिहिलेला होता: ई ड्राइव्ह. पुढे घरच्या संगणकाला आणखी एक यंत्र जोडलं. त्याने ई हे अक्षर घेतलं आणि माझा पेनड्राइव्ह झाला एफ. मला पत्ता नाही. म्हणजे शब्दशः, स्क्रिप्टकडे चुकीचा पत्ता.

आता तुम्ही म्हणाल, फाइलच सापडली नाही तर स्क्रिप्ट ओरडली असेल ना? नाही. आणि हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं. पायथनमध्ये अशा फाइली वाचणारा जो भाग आहे, कॉन्फिगपार्सर, त्याला फाइल सापडली नाही तर तो तक्रार करत नाही. गपचूप पुढे जातो. कोणत्या फाइली वाचल्या त्यांची यादी मात्र तो परत देतो. मागितली तर. मी कधी मागितलीच नव्हती. एनव्हीडीए स्वतःच्या सेटिंगसाठी कॉन्फिगऑब्जेक्ट नावाचा दुसरा भाग वापरतो. मुद्दाम सांगितलं नाही तर तोही तसाच समजूतदार आहे: फाइल नसेल तर कोरी वही धरून चालतो. लिहिणाऱ्यांनी हे मुद्दाम ठेवलं आहे आणि त्यामागे कारणही आहे. पहिल्यांदा चालू करताना सेटिंगची फाइल नसतेच. म्हणून कोणी बंद पडू नये.

तर फाइल नाही, म्हणून वही कोरी. वही कोरी, म्हणून इशारा पातळी शंभर मीटर.

मागच्या एका पावसाळ्यातली जुलैची रात्र. दिवसभर धो धो. वर महाबळेश्वरला पाऊस थांबत नव्हता, खाली बाणकोटच्या खाडीत भरती. हे दोन्ही एकदम आलं की सावित्रीचं काय होतं, हे महाडकराला शिकवावं लागत नाही. साडेबाराच्या सुमाराला भाच्याचा मेसेज: "सावित्री ६.२०". कॉपी केलं, बटण दाबलं. यंत्र त्याच्या त्या सपाट आवाजात म्हणालं, "सावित्री, सहा पॉइंट दोन, इशारा पातळीच्या खाली."

मी आडवा झालो.

खरं सांगतो. सहा हा आकडा मला तोंडपाठ आहे. फाइलीत तो मीच लिहिला होता. तरीही यंत्राने पूर्ण वाक्य तयार करून दिलं आणि मी डोकं चालवलंच नाही. ग्रुपवरही टाकून दिलं, "अजून इशाऱ्याच्या खाली आहे, झोपा."

आई जागी होती. भिंतीपलीकडून म्हणाली, "किती म्हणाला रे तो?"

"सहा पॉइंट दोन. खाली आहे."

"कशाच्या खाली? सहाला इशारा ना? तूच सांगतोस सगळ्यांना."

माझी आई चौथी शिकलेली. तिला डिफॉल्ट माहीत नाही. पण २०२१ नंतर महाडातल्या प्रत्येक बाईला हे दोन आकडे माहीत आहेत.

मी ताडकन उठलो. ग्रुपवर दुरुस्ती टाकली, तिघांना फोन केले. आईचं अंथरूण, कागदपत्रं, गॅसची टाकी, दुकानांच्या हिशेबाची खोकी, सगळं माळ्यावर चढवलं. पाणी त्या रात्री आमच्या दारात आलं नाही. पण त्यात माझं काही कर्तृत्व नाही. पाण्याने ऐकलं म्हणून निभावलं. सकाळी त्या तिघांपैकी एकजण म्हणाला, "जाऊ दे रे, होतं असं." त्याने माफ केलं. मी अजून केलेलं नाही. शंभर मीटर पाणी चढलं असतं तरी माझी स्क्रिप्ट "झोपा" म्हणाली असती!

२२ जुलै २०२१ ची आठवण काढायला नको वाटते, तरी एवढं सांगतो. त्या वेळी आधी लाइट गेली, मग नेटवर्क गेलं. ज्यांना दिसत होतं त्यांनाही काही दिसेना. मी पाण्याचा आवाज ऐकून पायऱ्या मोजत होतो. त्याच दिवशी तळिये गेलं, ऐंशीहून जास्त माणसं. आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे, साखर सुतारवाडी. त्याआधी २००५ ला दासगाव, जुई. तेव्हा माझी स्क्रिप्ट हा काही जीव वाचवण्याचा मोठा उपाय नाही. लाइट-नेट असेपर्यंतचं, तयारीच्या त्या दोन-चार तासांपुरतं साधन आहे. पण ज्याला धावता येत नाही, ज्याला आधार धरून उतरावं लागतं, त्याच्यासाठी ते दोन-चार तासच सगळं काही असतात.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला बसलो. चार बदल केले. कोणी स्क्रिप्ट लिहीत असेल तर घ्या, नाहीतर पुढे जा.

पहिला, शंभर काढून टाकले. आकडा सापडला नाही तर आता स्क्रिप्ट म्हणते, "सावित्री, सहा पॉइंट दोन, इशारा पातळी माहीत नाही." दुसरा, फाइल वाचली का हे विचारून घेते, आणि नसेल तर जोरात सांगते, "यादी सापडली नाही." तिसरा, सुरू होतानाच सांगते, "सहा नद्या वाचल्या." पाच म्हणाली तर मला कळतं की एक गळली. चौथा, ती यादी शेवटची कधी बदलली ती तारीख बोलते. पत्ता पण बदलला. आता फाइल स्क्रिप्टच्या शेजारीच राहते, ड्राइव्हचं अक्षर कोणतंही असो.

यात सगळ्यात जास्त वेळ कशाला लागला असेल? "माहीत नाही" हे दोन शब्द घालायला. कारण ते कुठे कुठे घालायचे हे शोधावं लागलं. पाहिलं तर मी जागोजागी "नाही सापडलं म्हणजे ठीकच असेल" असं धरून चाललो होतो.

या फाइलीचा दुसरा जन्म पोलादपूरला झाला. तिकडची एक मुलगी बी.कॉम.ला आहे, तिलाही दिसत नाही. तिने स्क्रिप्ट मागितली. पाठवली. दोन दिवसांनी फोन:

"दादा, तुमची फाइल माझ्या काय कामाची? माझ्या घराला नदी नाही. डोंगर आहे."

मी गप्प. चार वर्षं मी "पूर, पूर" करतोय आणि माझा स्वतःचा तालुका दरडींचा आहे, हे तिने सांगावं लागलं. मग आम्ही फोनवर बसून तिची फाइल केली. तिच्यात नदी नाही, चोवीस तासांचा पाऊस आहे. हवामान खात्याची जी वर्गवारी आहे तीच घेतली:

[पोलादपूर]
मुसळधार = ६४.५
अतिमुसळधार = ११५.६
अत्यंत मुसळधार = २०४.५

सगळे आकडे मिलिमीटरमध्ये. खाली तिने स्वतःहून एक ओळ घातली: शेजारी = आणि पुढे शेजारच्या काकूंचा नंबर. पाऊस तिसऱ्या आकड्याच्या वर गेला की स्क्रिप्ट तो नंबर वाचून दाखवते. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. स्क्रिप्टमध्ये मी फक्त पातळी सांगण्याचा विचार केला होता. तिने "मग करायचं काय" याचा केला. कोड माझा, पण त्यात काय बोलायचं ते तिने तिच्या घरावरून ठरवलं. माहिती कोडच्या बाहेर ठेवायचा खरा फायदा हा, की ज्याचं घर त्याच्या हातात लेखणी जाते.

आता मुद्द्यावर येतो, कारण हे पेज काही संगणकाच्या क्लासचं नाही.

आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आहे. १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्याचं आठवं कलम आपत्तीबद्दल आहे, आणि ते फार थोड्यांनी वाचलेलं असतं. त्यात लिहिलंय की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांग व्यक्तींच्या तपशिलाची नोंद ठेवायची आणि धोक्याची परिस्थिती असेल तर त्यांना ती कळवण्यासाठी योग्य उपाय करायचे. म्हणजे बघा, कायद्याने सांगितलेली एक वही आहे. आणि ती वाचून बोलायचं, हेही त्याच कलमात आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो खटला बँका वगैरेंच्या ओळख पडताळणीचा होता, पण तत्त्व सगळीकडे तेच.

फाइल आहे, असं म्हणू या. वाचणारी स्क्रिप्ट आहे का? आणि ज्याचं नाव यादीत सापडत नाही, त्याच्याबद्दल आपलं डिफॉल्ट काय? "माहीत नाही, जाऊन बघा" की "नाव नाही म्हणजे अडचण नाही"?

मी कोणावर आरोप करत नाहीये. जो शंभर मीटरचा आकडा मी स्वतः लिहिला, त्यानंतर आरोप करायला तोंड राहत नाही. पण प्रश्न विचारायचा हक्क आहे.

आणि हा प्रश्न महाडला नवा नाही. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला. फाइलीत नोंद पडली. प्रत्यक्षात तळ्यावर काहीच बदललं नाही. तीन वर्षांनी, २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा तो ठराव कोणीतरी पहिल्यांदा वाचला असं म्हणायचं. त्यानंतर हल्ले झाले, नगरपालिकेने ठरावच मागे घेतला, खटला चालला आणि हायकोर्टाचा निकाल यायला मार्च १९३७ उजाडला. त्या लढ्याशी माझ्या सहा ओळींच्या फाइलीची बरोबरी करायची माझी लायकी नाही. पण याच गावात वाढलो म्हणून एवढं समजतं की कागदावर असणं आणि लागू असणं यांत माणसांचं आयुष्य निघून जातं.

तर पावसाळ्याआधी माझ्या चार विनंत्या. पैसे लागत नाहीत.

एक. पातळीचा तक्ता फोटोत टाकलात तरी खाली एक ओळ टाइप करा. "सावित्री ६.२०, रात्री १२.३०." वेळ नक्की लिहा. फोटो काढायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळ लागतो. ही ओळ फक्त माझ्यासाठी नाही. तुमच्या आजीला चष्म्यातूनही तो बारीक तक्ता दिसत नाही, ती संकोचाने बोलत नाही एवढंच.

दोन. तुमच्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जाऊन विचारा: आपत्तीच्या वेळी कळवायच्या दिव्यांगांची यादी आहे का? आमच्या वाडीतली किती नावं आहेत? शेवटची कधी तपासली? भांडायला नका जाऊ. नुसतं विचारा आणि नावं सांगून या. विचारणारा आला की वही उघडली जाते, हा माझा अनुभव आहे.

तीन. ग्रुपवर कोणी पातळी विचारली आणि तुम्हाला माहीत नसेल, तर "माहीत नाही" लिहा. "काही नाही, सगळं ठीक" लिहू नका. मी लिहिलं होतं. आई जागी होती म्हणून बरं.

चार. यंत्र काय म्हणतं ते ऐका, पण आपल्या गावाचे दोन आकडे पाठ ठेवा. महाडकरांनी सहा आणि साडेसहा. पोलादपूरकरांनी डोंगराच्या बाजूची नवी भेग, अचानक गढूळ झालेला झरा आणि तिरकं झालेलं झाड.

स्क्रिप्ट आणि दोन्ही फाइली ज्याला हव्यात त्याने मेसेज करा, फुकट पाठवतो. फाइल उघडून तुमची नदी, तुमचा डोंगर, तुमच्या शेजाऱ्याचा नंबर घाला. यूटीएफ-८ मध्ये साठवा. सावित्रीची पहिली वेलांटी तपासा.

काल संध्याकाळी यंदाची पहिली चाचणी घेतली. पेनड्राइव्ह मुद्दाम काढून ठेवला आणि बटण दाबलं. यंत्र म्हणालं, "यादी सापडली नाही."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता कसं शहाण्यासारखं बोललं."